नळीतला मणी

१

घरातून निघायच्या आधी मारिता लेहतोला आपल्या मुलीचे श्वास मोजायची. पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर धरून. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं तिला पटत नसे. अर्ध्या मिनिटात किती काही निसटतं हे तिला नोकरीनं शिकवलं होतं, आणि उरलेलं काम तिच्या स्वभावानं केलं होतं.

त्या गुरुवारी छत्तीस भरले. इल्मीला दोन दिवसांपासून सर्दी होती, छातीत बारीक घरघर होती. तेरा महिन्यांची पोर, त्यात सात आठवडे आधी जन्मलेली. पहिले एकोणीस दिवस तिनं काचेच्या पेटीत काढले होते. दवाखान्यातल्या नर्सनं दिलेल्या कागदावर चाळीसपर्यंत काळजी नको असं छापलं होतं. तो कागद फ्रिजवर चिकटवलेला होता. मारिताला तो पाठ होता, तरी बूट चढवताना तिनं तो पुन्हा वाचला.

कॉफीचा मग घेऊन तोइवो दारात उभा होता. कागद गिरणीतल्या पाळ्यांतला त्याचा हा सुट्टीचा आठवडा. "तुझ्या त्या हवेच्या डब्यांना जाऊन मोज गं," तो म्हणाला. "पोरीला झोपू दे. दोन रात्रींनी डोळा लागलाय."

त्याचं चुकत नव्हतं. महिन्याभरात ती दोनदा पोरीला उचलून तातडीच्या विभागात धावली होती आणि दोन्ही वेळा काही निघालं नव्हतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांच्या कागदाच्या कोपऱ्यात 'आई चिंतातुर' असं लिहिलेलं तिनं टेबलाच्या अलीकडून उलटं वाचलं होतं. एकदा असा शिक्का बसला, की खरं काही सांगायची वेळ आली तरी माणसाचा आवाज आधीच हलका पडतो.

२

टॅमरॅक गावाची हवा मोजायची, ही मारिताची नोकरी. बर्फावरून दगड सरकवायच्या खेळाच्या, कर्लिंगच्या क्लबमागं बर्फात एक पत्र्याची केबिन होती. तिच्या छपरातून एक नळी बाहेर डोकावायची आणि गिरणीच्या धुराड्यातून जे काही गावावर उतरेल ते शोषून आतल्या ॲनालायझरपर्यंत, हवा तपासणाऱ्या यंत्रापर्यंत आणायची. आत एक खुर्ची, एक हीटर, फळीवर नोंदवह्यांची चळत. बाहेर उणे सत्तावीस. भिंतीपलीकडून म्हाताऱ्यांच्या गुरुवारच्या सामन्यातले दगड बर्फावरून घसरत गेल्याचा आवाज येत होता, लांबलचक, पोटातून आल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला प्रांताकडून तपासनीस येणार होता. गेल्या तीन महिन्यांत अकरा तास असे होते, की हवा मर्यादेच्या बाहेर गेली होती. गावातल्या आयांनी त्या अकरा तासांवर आशा लावली होती. गिरणीसमोर ठेवायला त्यांच्याकडं दुसरं काहीच नव्हतं. यंत्र तपासणीत नापास झालं, तर तीन महिन्यांचे सगळे आकडे केराच्या टोपलीत. म्हणून आज कॅलिब्रेशनची, यंत्राचे आकडे पडताळून घ्यायची तयारी चोख व्हायला हवी होती.

तिनं सिलिंडर पट्ट्यानं भिंतीला बांधला, झडप तीनदा उघडून मिटून आत अडकलेली शिळी हवा काढून टाकली. मोजूनमापून भरलेला हा वायू यंत्राला दाखवायचा आणि म्हणायचं, हे एवढं असतं. त्याच्या आधी धुऊन काढलेली हवा दाखवायची आणि म्हणायचं, हे शून्य. यंत्र बिचारं विश्वास ठेवतं. मग तिनं संगणकावर 'कॅलिब्रेशन चालू' अशी खूण केली. आता ह्या क्षणापासून केबिनमध्ये जे काही होईल ते हिशेबातच नव्हतं.

सगळ्यांत आधी गळती तपासायची. यंत्राच्या अंगाला वीतभर उंचीची काचेची नळी होती आणि तिच्यात एक काळा मणी. पंप हवा ओढत असला की मणी वर तरंगतो. बाहेरून येणाऱ्या नळीच्या तोंडाला बूच लावलं की हवा बंद, आणि मणी तळाला बसला पाहिजे. नाही बसला, तर कुठून तरी चोरहवा आत येतेय असं समजायचं आणि पाना हातात घ्यायचा. गेल्या आठ महिन्यांत तिनं हे आठदा केलं होतं. आठही वेळा मणी निमूट बसला होता.

तिनं बूच लावलं. मणी खाली आला, तळाला टेकणार तोच थांबला, आणि पुन्हा वर चढला. मग खाली. मग वर.

३

पहिल्यांदा तिनं पंपावर संशय घेतला, कारण पंपावर संशय घेणं सोपं असतं. जुना झाला की तो धापा टाकतो. मग तिनं कर्लिंगच्या दगडांना दोष दिला, की जमीन हादरत असेल. पण दगड मधूनच जायचे आणि मणी थांबत नव्हता.

शेवटी तिनं पंपच बंद केला.

पंप थांबल्यावर केबिनमध्ये अशी शांतता झाली, की हीटरच्या तारा तडतडल्या तरी दचकायला होत होतं. नळीच्या एका तोंडाला बूच होतं, दुसऱ्या टोकाला मेलेला पंप. मण्याला हलवायला आत काहीही उरलेलं नव्हतं. तो दोन बोटं वर चढला, क्षणभर रेंगाळला, खाली आला. चढताना सावकाश, उतरताना जरा घाईनं.

मारितानं ते कुठं पाहिलंय हे तिला चांगलं माहीत होतं, आणि म्हणूनच तिनं ते लगेच मान्य केलं नाही. तिनं स्वतःला बजावलं, की मूल झाल्यापासून तू गाडीचे वायपरसुद्धा मोजतेस. कुठल्याही दोन गोष्टींचा मेळ बसतो, बसवणारी बाई रिकामी असली की झालं. तरी हात घड्याळाकडं गेला. पूर्ण एक मिनिट.

छत्तीस.

मोजत असतानाच मणी एकदम थडथडला, तीन-चारदा उडाला, मग तळाशी दोन क्षण पडून राहिला. तिचं स्वतःचं श्वास घेणं थांबलं. मणी पुन्हा हलू लागला. तिनं तोइवोला निरोप धाडला, उठली का म्हणून. उत्तर आलं: खोकल्याची उबळ आली होती, पाठ थोपटली, पुन्हा झोपली. तू काम कर.

४

काम करायचं म्हटलं की माणसाला बरं वाटतं, आणि मारिता तर कामावरच जगणारी. गळती आहे म्हणजे सांधा सैल आहे. विजेरी घेऊन ती यंत्राच्या पाठीमागं शिरली आणि एकेक नट चाचपू लागली. सगळ्यांत खालच्या, हात पोचणार नाही अशा नटावर निळ्या पट्टीचा तुकडा गुंडाळलेला होता. धूळ पुसल्यावर अक्षरं दिसली: 'कसू नका. रे. कां.'

रेइनो कांगासनं एकोणीस वर्षं ही केबिन सांभाळली होती आणि सव्वा वर्षापूर्वी एकाएकी नोकरी सोडली होती. तंत्रज्ञ लोक अशा पट्ट्या लावतातच. आपल्या हाताची सवय ते दुसऱ्यावर लादत असतात. नट चांगला दोन आटे सैल होता. कुठल्याही शहाण्या माणसानं जे केलं असतं तेच तिनं केलं. पट्टी सोलली आणि पान्यानं पाव फेरा कसला.

मणी आता पहिल्याइतका वर चढेना. मोजले तर एकोणतीस.

जमतंय, असं तिच्या मनात आलं. हे तिला पुढं आठवत राहिलं, की तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं. तिनं आणखी पाव फेरा कसला. मणी तळाजवळच घुटमळू लागला. एकवीस.

फोन वाजला. तोइवोनं आपणहून फोटो पाठवला होता. पाळण्यात इल्मी, गाल उशीला टेकलेला, मूठ उघडी. खाली लिहिलं होतं: घरघर थांबली बघ. किती शांत झोपलीय.

पाना तिच्या हातातून सुटला. तो उचलून तिनं नट मागं फिरवला, अर्धा फेरा, मग एक, मग होता तसा पुरता सैल. मण्यानं ओळख दाखवली नाही. तेवीसवर तो अडला आणि तिथंच राहिला. तिनं घरी फोन लावला, पोरीला उठव म्हणाली. तोइवोनं कारण विचारलं. यंत्रातल्या मण्यामुळं, असं सांगायला तिचं तोंड उघडेना. नुसतं उठव, उठव म्हणत राहिली. तो न चिडता म्हणाला, की मारिता, ती झोपलीय, गुलाबी आहे, श्वास घेतेय, मी समोर बसलोय, आता तू एक कप कॉफी घे. आणि त्यानं फोन ठेवला.

घर बारा मिनिटांवर. पण मण्याला असं सोडून बारा मिनिटं जायचं कसं? तिनं फळीवरची जुनी नोंदवही ओढली. रेइनोचं अक्षर शाळामास्तरासारखं. प्रत्येक कॅलिब्रेशनच्या पहिल्या पानावर 'गळती नाही, पास'. आणि प्रत्येक पानाच्या मागं, शिसपेन्सिलीनं, बारीक: मणी बसत नाही, चौदा. बसत नाही, चौदा. बसत नाही, पंधरा. वर्षानुवर्षं तेच. शेवटच्या वर्षात आकडे चढलेले, अठरा, बावीस, सव्वीस. शेवटच्या पानामागं आकडा नव्हता. 'नट कसला. मणी बसला.' दहा नोव्हेंबर.

ती तारीख तिला ठाऊक होती. रेइनोची बायको सिर्का त्या दिवशी गेली. मारिता तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती आणि अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात तिनं पाहुण्यांना वेलदोड्याचा पाव वाढला होता.

५

रेइनो पन्नास पावलांवर होता. गुरुवारचा सामना आटोपून म्हातारी मंडळी क्लबच्या लांब टेबलाशी कॉफी पीत बसली होती. मारिता दारातून आत आल्याबरोबर लेम्पी आजीनं हाळी दिली, "हवेची बाई आली गं. श्वास घ्यायचा का आज, की थांबायचं?" सगळे हसले. रेइनो हसला नाही. मारिताच्या हातात नोंदवही होती ती त्यानं पाहिली, आपली कॉफी तशीच सोडली आणि तिला कोट टांगायच्या खोलीत घेऊन आला.

तिनं काही विचारायच्या आधी तोच म्हणाला, "किती?"

"छत्तीस होते. आता तेवीस."

म्हातारा ओल्या कोटांच्या रांगेकडं बघत राहिला. "छत्तीस," तो म्हणाला. "म्हणजे लहान आहे."

"माझी इल्मी," मारिता म्हणाली. तिनं सांगितलं, की नट कसला होता, परत सैल केला, पण पुन्हा वर येत नाहीये. तो मान हलवत होता, जसं डॉक्टर मान हलवतात. मग त्यानं विचारलं, की पोरीनं कधी नळी तोंडात घातली होती का.

तीन रविवारांपूर्वीची गोष्ट. तोइवो पाळीवर, सांभाळायला कुणी नाही, म्हणून गाळणी बदलायला जाताना तिनं इल्मीला कडेवर घेतलं होतं. ह्या वयात पोरं हाताला लागेल ते तोंडात घालतात. इल्मीनं सुटलेल्या नळीचं टोक चोखलं, फुंकलं, आणि काचेतला काळा मणी टुणकन उडाला. दोघी हसल्या होत्या. मारितानं तिला आणखी एकदा फुंकायला लावलं होतं.

"सिर्का माझा डबा घेऊन आली होती," रेइनो म्हणाला. "पहिल्याच वर्षी. गमतीनं फुंकली. बाकी मला काही माहीत नाही, पोरी. मी कधी खोलात शिरलो नाही. मी फक्त नट सैल ठेवला आणि पास लिहीत गेलो."

"मग कसलात का?"

त्यानं एका कोटाची बाही सरळ केली. मग जे बोलला ते अगदी हळू. शेवटी शेवटी सिर्काला दम पुरत नव्हता. त्यात तपासणी आली, आणि ह्या वेळी तपासनीस स्वतःच्या हातानं बूच लावणार होता. रेइनोनं आदल्या दिवशी हिशोब मांडला होता. नापास झालं तर केबिन बंद करून नळ्या उपटणार, म्हणजे मणी बसणारच. पास व्हायचं तर मणी बसायलाच हवा. त्यानं म्हणे विचार केला, की बसायचाच आहे तर निदान आपल्या हातानं. नंतर त्यानं नट पुन्हा सैल केला, पट्टी लावली आणि नोकरी सोडली.

"तुझ्याकडं उद्यापर्यंत वेळ आहे," तो म्हणाला, आणि लगेच त्याला आपल्या बोलण्याची लाज वाटल्यासारखी त्यानं खाली पाहिलं. "माझ्यापाशी दुसरं काही असतं तर मी ते तेव्हाच केलं नसतं का?"

६

ती केबिनमध्ये परतली तेव्हा मणी चौदावर होता. म्हणजे तिनं पूर्ण मिनिट मोजलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पंधरा सेकंद मोजून चौपट करायला घेतलं, आणि तेवढ्यात साडेतीन भरले.

तिला वाटलं, की मी वेडी झालेय, आणि असं असेल तर किती बरं. आपण वेडे आहोत आणि पोर पाळण्यात खुशाल आहे, ह्या वाक्याला ती दोन्ही हातांनी धरून राहिली. पुन्हा घरी फोन लावला. वाजत राहिला. तोइवो बाहेर अंगणातला बर्फ उपसत असेल. दार ओढून घेतलं असेल, आवाजानं पोर उठू नये म्हणून. तो किती काळजी घेतो.

मणी चढला. उतरला. तळाशी थांबला.

ती वाट पाहत राहिली. तिनं काचेवर नखानं टिचकी मारली, मग बोटांनी थोपटलं, जशी पाठ थोपटतात. मणी हलला, पण नुसता जागच्या जागी, कुशीवर वळल्यासारखा.

तेव्हा तिनं बूच उपटून काढलं आणि नळीचं टोक स्वतःच्या तोंडात धरलं.

फुंकर घालायची होती, पण आधी छातीत हवा घ्यावी लागते, आणि तिनं ती नळीतूनच ओढली. बाहेर उणे सत्तावीस होतं, केबिनमध्ये पत्र्याचा आणि तापलेल्या धुळीचा वास होता. नळीतून आलेली हवा कोमट होती. तिला दुधाचा वास होता, छातीला चोळलेल्या कापराचा, आणि तापात पोरांच्या टाळूला येतो तो आंबूस वास. मारितानं डोळे मिटले. पलीकडं अगदी जवळ कुणीतरी होतं, एवढं जवळ की ओठांना ओलं लागलं.

तिनं श्वास सोडला. मणी वर गेला.

७

एका मिनिटाला छत्तीस ही मोठ्या माणसाची चाल नाही. तिसऱ्या मिनिटाला बोटांना मुंग्या आल्या, पाचव्या मिनिटाला हीटरचा लाल तारांचा चौकोन लांब जाऊन परत आला. ती खुर्चीवरून जमिनीवर बसली, पाठ यंत्राला टेकवली, मान वळवून काच दिसत राहील अशी बेतानं. ओढायचं, सोडायचं. मोजायची गरज नव्हती, तरी ती मोजत होती.

एकदा खोकला आला म्हणून तिनं तोंड बाजूला केलं. मणी तळाला बसला आणि बसूनच राहिला, जसा नियमानं बसायला पाहिजे तसा. तिनं खोकला गिळला. त्यानंतर तिनं तोंड हलवलं नाही.

मधेच केव्हातरी तिला जाणवलं, की काही वेळा मणी तिच्या फुंकरीच्या जरासा आधी उठतो. एकदा उठला, दहा-बारा वेळा नाही, मग पुन्हा एकदा. ते खरं होतं, की आईनं शोधलेलं होतं, हे ठरवायला तिच्यापाशी कुणी नव्हतं. पलीकडचे दगड कधीच थांबले होते. गाड्यांची दारं लागल्याचे आवाज आले, लेम्पी आजी कुणाला तरी सांभाळून जा म्हणाली, आणि मग क्लबचं वाहनतळ रिकामं झालं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. तपासनीस उद्या आठला येणार.

तेवढ्यात फळीवर फोन वाजला.

पडद्यावर तोइवोचं नाव उमटलं होतं; ती बसली होती तिथून ते स्पष्ट दिसत होतं. हात लांब केला तर फोन हाताला लागत नव्हता. उठलं तर लागला असता. आणि लागला असता तरी बोलायला तोंड लागतं. इल्मी जागी झाली, भूक लागलीय, रडतेय, तू किती वाजता येतेस, असं विचारायला त्यानं फोन केला असेल. त्याच्याकडं ह्या वेळेला फोन करायला दुसरं काय कारण असणार? ती ओढत होती, सोडत होती, आणि नळीतून दुधाचा वास अजून येत होता की आता आपण तो नुसता आठवतोय, हे शोधत होती.

फोन थांबला. लगेच पुन्हा वाजू लागला. ह्या वेळी तो वाजायचा थांबेना.

एकोणतीस, मारिता मनात म्हणाली. तीस. एकतीस.